तिसरी फेरी आणि सम्यक व्यायाम

आर्य अष्टांगिक मार्गावरील प्रश्न आमच्या पाचवी-सहावीच्या वर्गांत दरवर्षी विचारला जातो आणि दरवर्षी बरीच मुले एकच ठरावीक चूक करतात. 'सम्यक व्यायाम म्हणजे काय?' या प्रश्नाच्या उत्तरात ती लिहितात, 'रोज सकाळी उठून योग्य प्रमाणात कसरत करणे.' एखादा त्यात जोर-बैठकांची संख्याही घालतो. पाली भाषेतील 'वायाम' म्हणजे प्रयत्न, उद्योग, चित्ताची चिकाटी; कवायतीशी त्याचा संबंध नाही, असे फळ्यावर लिहून देत आम्ही अनेक वर्षे या उत्तराचे गुण कापले. अलीकडे मात्र त्या उत्तरावर लाल रेघ ओढताना आमचा हात थोडा अडखळतो. वर्गात जे शिकवले ते आम्हांला पुरते कळले ते पटांगणावर, आणि तेही उशिरा. त्याचाच हा थोडा विस्तार आहे.

सम्यक व्यायामाचे तथागतांनी चार भाग सांगितले आहेत. जे अकुशल अजून उपजले नाही ते उपजू न देणे. जे उपजले आहे ते सोडणे. जे कुशल अजून उपजले नाही ते उपजवणे. आणि जे कुशल उपजले आहे ते टिकवणे, वाढवणे, पूर्णत्वास नेणे. व्यासपीठावरून जी भाषणे होतात ती बहुधा तिसऱ्या भागापुरती असतात. 'उठा, धावा, ध्येय ठेवा' हे सांगणे सोपे. चौथ्या भागावर बोलणारा क्वचित भेटतो, कारण तेथे टाळ्या मिळत नाहीत. आज धावायला निघालेला मुलगा चाळीस दिवसांनंतरही पटांगणावर दिसेल काय, हा चौथ्या भागाचा प्रश्न आहे.

वणी परिसरातील पालकांना या प्रश्नाचे मोल वेगळे सांगायला नको. कोळसा, चुना आणि कापूस यांवर जगणारा हा मुलूख. शेत थोडे, पाऊस लहरी, खाणीतील कायम नोकऱ्या मोजक्या. त्यामुळे दहावी-बारावी झालेल्या आपल्या मुलामुलींसाठी पोलीस, वनरक्षक, सैन्य यांची भरती हा घर सावरण्याचा मार्ग असतो. पोलीस शिपाई पदाच्या मैदानी परीक्षेत पन्नास गुण असतात. त्यांतील २० गुण पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावण्याचे, १५ गुण १०० मीटरचे आणि १५ गुण गोळाफेकीचे. वनरक्षकाला पुरुष असल्यास ५ किलोमीटर आणि महिला असल्यास ३ किलोमीटर धावावे लागते. जाहिरात निघाली की पहाटे रस्त्यांवर धावणाऱ्यांची झुंबड उडते. तीन आठवडे सरले की निम्मी गर्दी ओसरते. जे उरतात त्यांच्यातील काही जण लंगडत असतात. ओसरलेल्यांना लोक आळशी म्हणतात. आम्हीही म्हणत होतो.

१६०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या पटांगणाच्या चार फेऱ्या. कोणाही जुन्या धावपटूस विचारा, सर्वांत अवघड फेरी कोणती? तो चौथी म्हणणार नाही. पहिल्या फेरीत अंगात जोम असतो, भोवती लोक असतात, शिट्टीचा आवाज अजून कानांत असतो. दुसरी त्याच जोमाच्या शिल्लकीवर निघून जाते. चौथीत शेवट डोळ्यांसमोर असतो. शेवट दिसला की थकलेला माणूसही कोठून तरी बळ आणतो. तिसऱ्या फेरीत यातले काहीच नसते. आरंभाचा उत्साह संपलेला असतो, शेवट दृष्टीत आलेला नसतो, छाती भरून आलेली असते आणि 'कशासाठी?' हा प्रश्न तेथेच पडतो. वेळ हातून निसटते ती या फेरीत. ८० सेकंदांची एक फेरी धरली तर १६०० मीटर ५ मिनिटे २० सेकंदांत संपतात. पण पहिली फेरी ७० सेकंदांत मारणारा मुलगा तिसरीला बहुधा नव्वदीच्या पुढे जातो आणि सुरुवातीला कमावलेले सगळे व्याजासह परत करतो.

वर्षभराच्या सरावालाही अशीच तिसरी फेरी असते. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला सुधारणा दिसते. शरीर नव्या कामाला चटकन प्रतिसाद देते. मग वेळ एका जागी अडून बसते. रोज तेवढाच घाम, पण घड्याळ हलत नाही. घरची माणसे विचारू लागतात, 'भरती कधी आहे मग?' मुले सराव सोडतात ती याच ठिकाणी. त्यांची इच्छा खोटी होती असे नव्हे. केवळ इच्छेवर इतके अंतर कापता येत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

येथे आमच्या हातून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे. आमच्या वसतिगृहात काही वर्षे अशी प्रथा होती की प्रार्थनेला उशीर झाला, दोन फेऱ्या. गृहपाठ राहिला, चार फेऱ्या. धावणे ही शिक्षा होती. तेच पटांगण, तीच फेरी, आणि संध्याकाळी त्याच फेरीवर आम्ही मुलांनी आवडीने धावावे अशी अपेक्षा करीत होतो! शिवाय भोजनगृहाच्या भिंतीवर सर्वांच्या वेळांचा तक्ता लावला होता. शेवटच्या नावांकडे बोट दाखवून मुले हसत. नववीतल्या एका मुलाची नडगी दुखत होती. तक्त्यात नाव खाली जाईल म्हणून त्याने ते महिनाभर लपवले. दवाखान्यात नेले तेव्हा हाडाला बारीक चीर निघाली. तो बरा झाला, शिकला, आज स्वतःच्या पायावर उभा आहे; पण त्यानंतर तो कधी धावला नाही. तक्ता आम्ही काढून टाकला. हे शहाणपण एका मुलाच्या पायावर विकत घेतले, याचे शल्य राहिलेच.

ज्यांच्या नावाने आपण ही संस्था चालवतो त्यांनी हा धडा अडीच हजार वर्षांपूर्वी देऊन ठेवला होता, हे अधिक लाजिरवाणे. विनयपिटकातील महावग्गात आणि अंगुत्तर निकायात सोण कोळिविसाची कथा आहे. चंपा नगरीतील हा श्रीमंताचा मुलगा इतका सुकुमार की त्याच्या तळपायांवर केस उगवले होते. ते पाय पाहण्यासाठी राजा बिंबिसाराने त्याला बोलावून घेतले. पुढे तो भिक्षू झाला. राजगृहाजवळच्या शीतवनात त्याने चंक्रमण, म्हणजे चालत ध्यान करणे, इतक्या नेटाने आरंभले की तळवे फाटून चालण्याची वाट रक्ताने माखली. एवढे करूनही फळ दिसेना. तेव्हा त्याच्या मनात आले की घरी संपत्ती आहे. परत जावे, भोग घ्यावा, दानपुण्य करावे. जो सर्वांत अधिक झटत होता तोच सोडून जायला निघाला होता, ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. सराव सोडणारा प्रत्येक जण आळशी असतो, या आमच्या समजुतीला या कथेने तडा दिला.

तथागत त्याच्याकडे आले. सोण पूर्वाश्रमी वीणा वाजवीत असे. वीणेच्या तारा अति ताणल्या तर ती वाजते काय, अति सैल सोडल्या तर वाजते काय, असे त्यांनी विचारले. उत्तर सोणाला स्वतःच द्यावे लागले. त्यावर उपदेश झाला तो वीर्याच्या समतेचा: अति वीर्याने चित्त विक्षिप्त होते, अति शिथिलतेने आळस येतो. स्वतः सिद्धार्थ गौतमाने सहा वर्षांच्या देहदंडानंतर उरुवेलेस ती वाट सोडली होती. त्यामुळे हा उपदेश अनुभवाचा होता.

या कथेचा उत्तरार्ध प्रवचनांत फारसा येत नाही. सोणाचे पाय पाहून तथागतांनी त्याला एका पदराच्या वहाणा घालण्याची अनुज्ञा दिली. सोण म्हणाला की सर्व संघाला ती मिळणार असेल तर मी घालीन, नाहीतर नाही. तेव्हा ती अनुज्ञा सर्व भिक्षूंना दिली गेली. काही वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याने 'सर्वांत वेगवान पाच मुलांना' धावण्याचे बूट देण्याची इच्छा कळवली, तेव्हा आमच्या शिक्षक-बैठकीत ही कथा निघाली. त्याला तसे लिहिले. त्याने मित्रांना गोळा केले आणि त्या वर्षी पाचांऐवजी सर्व मुलांना साधे पण नवे बूट मिळाले. शेवटच्या क्रमांकाची मुले त्यानंतर पटांगणावर अधिक नियमित येऊ लागली. बूट हेच त्याचे एकमेव कारण असे आम्ही म्हणत नाही.

तार किती ताणावी याला शरीरशास्त्राचा आधारही आहे. नियमित धावू लागल्यावर हृदय व फुफ्फुसांची क्षमता काही आठवड्यांत वाढते. हाडे आणि स्नायुबंध यांना तेवढीच मजबुती येण्यास कित्येक महिने लागतात. म्हणून दुसऱ्या महिन्यात मुलाला वाटते की आता आपण कितीही धावू शकतो, आणि नडगी, टाच, गुडघा त्याच सुमारास दुखू लागतात. दम टिकतो पण हाड टिकत नाही. यासाठी बहुतेक दिवसांचे धावणे इतके संथ असावे की सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता यावे. वेगाचा सराव आठवड्यातून एक-दोनदा पुरे, आणि एक दिवस संपूर्ण विश्रांती. संथ धावणे मुलांना कमीपणाचे वाटते. त्यांना हे पटवणे वेग वाढवण्यापेक्षा अवघड आहे.

याचे आपल्या महाराष्ट्रातील ठळक उदाहरण अविनाश साबळे यांचे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावी कष्टकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शाळा सहा किलोमीटर दूर. बारावीनंतर ते सैन्यात गेले, ते महार रेजिमेंटच्या ५ व्या पलटणीत. या रेजिमेंटविषयी आपल्या वाचकांना काही वाटणे स्वाभाविक आहे. ज्या समाजाची सैन्यभरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली, पहिल्या महायुद्धात तात्पुरती उघडून पुन्हा मिटली, त्याच्यासाठी बाबासाहेबांनी केलेल्या पाठपुराव्यानंतर १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगाव येथे ही रेजिमेंट उभी राहिली. आज तिच्यात सर्व समाजांचे जवान आहेत. साबळे सियाचीनच्या बर्फात राहिले, राजस्थानच्या वाळवंटात राहिले, मग सिक्कीममध्ये. धावण्याच्या स्पर्धेत ते उतरले २०१५ साली, सैन्यातील सहकाऱ्यांच्या आग्रहावरून. वय वर्षे वीस उलटलेली होती. 'आता उशीर झाला' म्हणणाऱ्या आमच्या बारावीच्या मुलांना आम्ही हे मुद्दाम सांगतो.

त्यांचा प्रकार ३००० मीटर स्टीपलचेस. यात २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या. २०१८ मध्ये घोट्याच्या दुखापतीमुळे आशियाई खेळांची संधी हुकली. त्याच वर्षी पुढे भुवनेश्वरला त्यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ नोंदवून गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. त्यानंतर ते आपलाच विक्रम पुनःपुन्हा मोडत गेले. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० वेळेसह रौप्य. सुवर्णविजेत्यापासून अंतर अवघे ०.०५ सेकंद. १९९८ पासून त्या स्पर्धेत या प्रकाराची तिन्ही पदके केनियाचे धावपटू नेत होते. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे आशियाई सुवर्ण. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१.

आता बेरीज करून पाहावी. भुवनेश्वर ते पॅरिस सुमारे सहा वर्षे. कमावलेले सेकंद वीसहून किंचित कमी. म्हणजे वर्षाला तीन-सव्वातीन सेकंद, तेही कधी एकदम, कधी मुळीच नाही. आणि आयुष्यातील त्या सर्वोत्तम वेळेला त्या दिवशी क्रमांक मिळाला सहावा. पुढच्याच महिन्यात ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत ते अकरावे आले. केवळ पदकाच्या ओढीवर धावणारा माणूस एवढ्या वर्षांत केव्हाच थांबला असता. पालीतील 'छंद' हा शब्द येथे उपयोगी पडतो. मराठीत छंद म्हणजे फावल्या वेळेची आवड. धम्मात तो चार इद्धिपादांपैकी पहिला, कुशल कर्म करण्याची इच्छा. त्यामागून येतात वीर्य, चित्त आणि वीमंसा. वीमंसा म्हणजे तपासून पाहणे: काल काय केले, काय साधले, कोठे चुकले. छंदाला भरती-ओहोटी असते. ओहोटीत तपासणीची सवय माणसाला धरून ठेवते. म्हणून आमची मुले आता वही ठेवतात. त्यात वेळेबरोबर झोप, दुखणे आणि मनाची स्थिती एका ओळीत लिहायची असते. ही वही भिंतीवर लागत नाही.

आणखी जवळचे उदाहरण हवे असेल तर पाटाळ्याचा पूल ओलांडून वर्धा नदीच्या पलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात जावे. तेथील जिवती आणि देवाडा येथील शासकीय आश्रमशाळांतील आदिवासी मुले 'मिशन शौर्य' या उपक्रमात निवडली गेली. ज्या मुलांनी बर्फ पाहिला नव्हता त्यांना दार्जिलिंग व लडाख येथे तयार केले गेले. मे २०१८ मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे आणि विकास सोयाम या पाच जणांनी एव्हरेस्टचे शिखर गाठले. त्याआधी २०१४ मध्ये तेलंगणातील समाजकल्याण निवासी शाळांच्या मालावत पूर्णा व आनंद कुमार यांनी तिबेटच्या बाजूने तेच शिखर सर केले होते. पूर्णा तेव्हा १३ वर्षे ११ महिन्यांची होती. ही सर्व मुले आपल्या मुलांसारखीच वसतिगृहातील, ताटे स्वतः घासणारी.

परंतु सत्कारसमारंभांत एक गोष्ट विसरली जाते. चंद्रपूरची मुले एकूण दहा होती; शिखरावर पाच पोहोचली. उरलेल्या पाच जणांनीही तीच थंडी, तोच सराव, तीच भीती पार केली होती. पर्वतारोहणात ठरलेल्या वेळी परत फिरणे हा नियम असतो, अपयश नव्हे. आमच्या मते धैर्याच्या शिक्षणात परत फिरण्याचे शिक्षण आले पाहिजे, आणि ते आमच्या शाळांत फार कमी दिले जाते.

वणीत तर ते जिवाशी संबंधित आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटरच्या धावेमुळे काही उमेदवारांचे प्राण गेले आणि त्यानंतर शासनाने अंतर कमी केले. २०२४ मध्ये झारखंडच्या शिपाई भरतीत १० किलोमीटरच्या चाचणीत दहाहून अधिक तरुण दगावले. ही मुले आळशी नव्हती. थांबणे म्हणजे नोकरी गमावणे, एवढेच त्यांना ठाऊक होते. म्हणून पालकांनी काही गोष्टी माहीत करून घ्याव्यात. उन्हाची सवय होण्यास शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर अंतर व वेग दोन्ही कमी ठेवावेत. सराव सूर्य वर येण्याआधी संपवावा, आणि कोळशाचे ट्रक जातात तो रस्ता टाळावा. घामाने गळालेल्या मुलाला एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे द्यावे. उन्हात धावताना अंगावर काटा येणे, तोल जाणे, असंबद्ध बोलणे ही चिन्हे दिसली की मन खंबीर करण्याची भाषा बंद. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतत वारा घालावा आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये. तापात, जुलाबात, रात्रभर जागून धावू नये. भरतीची तारीख असली तरीही.

सोबतीचा विषय शेवटी ठेवला, कारण त्याला आम्हांला सर्वांत कमी शिकवावे लागले. तथागतांनी कल्याणमित्राचे महत्त्व आनंदाला सांगितले होते. पटांगणावर त्याचा अर्थ इतकाच निघाला की एकटा सराव करणारा मुलगा पहाटे अंथरुणात स्वतःशी वाद घालतो आणि हरतो. खाली निंबाच्या झाडाशी कोणी वाट पाहत असेल तर वादच होत नाही. आता आमच्याकडे जोड्या असतात, एक जुना, एक नवा. वेगाने सारख्या नसल्या तरी चालतात, कारण बहुतेक दिवस संथ धावायचे असते.

आणखी एक रीत मुलांनीच पाडली. १६०० मीटरची चाचणी असली की ज्यांची धाव झालेली असते ती मुले शेवटच्या रेषेवर गर्दी करीत नाहीत. ती पलीकडच्या वळणावर, जेथे तिसरी फेरी जड होते तेथे, जाऊन उभी राहतात. आरडाओरडा नसतो. फक्त धावणाऱ्याचे नाव घेतात आणि पुढच्या खांबापर्यंत त्याच्याबरोबर चार पावले पळतात.

रविवारी पहाटे साडेपाचला आमची चाचणी असते. माजी विद्यार्थी वणीत असतील तेव्हा त्यांनी यावे. शेवटच्या रेषेवर घड्याळ घेऊन उभे राहण्यास शिक्षक आहेत. त्या वळणावर माणसे कमी पडतात.